तीन नावांची बाई

आमच्या जिल्ह्यातली अर्धीअधिक माणसं एक जूनला जन्मली आहेत. शाळेत घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता आली नाही, की गुरुजी वयाचा अंदाज घ्यायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या सासऱ्यांचा वाढदिवस एक जून, थोरल्या दिरांचा एक जून, थोरल्या जावेचाही एक जून. आमच्यात केक कापायची पद्धत नाही ते बरं, नाहीतर एकाच दिवशी सगळा तालुका मेणबत्त्या फुंकत बसला असता. हे मी वर्षानुवर्षं हसत हसत सांगत आले. संशोधनाच्या कामाला लागले आणि त्यातलं हसू गेलं.

तेव्हा मी संगमनेरच्या एका कॉलेजात तासावर अर्थशास्त्र शिकवत होते. तासावर म्हणजे तास झाला तर पैसे, सुट्टी लागली तर हरी हरी. अशात आमच्या विभागातल्या सरांना बाहेरच्या एका संस्थेकडून मोठा निधी मिळाला आणि त्यांनी मला सहायक म्हणून घेतलं. विषय मजुरीचा आणि नोकरीचा होता. आपल्या भागातली माणसं आयुष्यात किती नोकऱ्या करतात, मध्ये किती काळ घरी बसतात, त्यांचा पगार वाढतो की तिथेच राहतो, हे शोधायचं. त्यासाठी ठिकठिकाणी पडलेल्या नोंदी एकमेकींना जोडायच्या होत्या. पीएफच्या नोंदी, कारखान्यांच्या हजेऱ्या, रोजगार हमीची मस्टर. एकाच माणसाचे तुकडे चार ठिकाणी विखुरलेले असतात, ते गोळा करून त्याचं एक आयुष्य उभं करायचं, असं सर पहिल्या दिवशी म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं होतं. नोकरीच्या अशाश्वतीवर संशोधन करायला अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर माणसं घेतली आहेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं तेव्हा ते मनापासून हसले आणि करार सहीसाठी माझ्यापुढे सरकवला.

पुरुषांच्या नोंदी भराभर जुळल्या. पुरुषाचं नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव ही चार खुंट्या ठोकल्यासारखी जागच्या जागी असतात. त्याने एक कारखाना सोडून दुसरा धरला तरी संगणक त्याला ओळखतो. बायकांचं मात्र काही केल्या जुळेना. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बापाचं जाऊन नवऱ्याचं येतं, गावही बदलतं. त्यात आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवरीचं पहिलं नावसुद्धा नवं लिहितात. राहता राहिली जन्मतारीख, तर ती एक जून. म्हणजे लग्नाआधी नोकरी केलेली मुलगी संगणकाच्या दृष्टीने लग्नाच्या दिवशी मेली, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पंचविशीची बाई आकाशातून पडली. मी हे सरांना असंच सांगितलं. ते म्हणाले, "अहवालात जरा सौम्य लिहा."

याच सुमारास जिल्ह्याचंही नाव बदललं. जुन्या नोंदींत अहमदनगर, नव्यांत अहिल्यानगर. आमच्यातल्या संगणकवाल्याने एक ओळ लिहिली, की ही दोन्ही नावं एकच समजावीत, आणि चहा प्यायला गेला. जिल्ह्याचं काम तेवढ्यात झालं.

बायकांसाठी शेवटी घरोघर जायचं ठरलं. काही गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, आणि त्यांत प्रवरेकाठचं आमचं गाव आलं. आपल्या नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही असा नियम होता, म्हणून माझ्या घरी माझा सहकारी आला. श्रीगोंद्याकडचा, बोलायला गोड आणि चहाला नाही न म्हणणारा. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि बाहेर ओट्यावर त्याच्यासमोर माझी थोरली जाऊ बसली होती.

जावेबद्दल सांगायला हवं. मी तिला अक्का म्हणते. माझ्या लग्नाआधी दहाएक वर्षं ती या घरात आलेली. तोंडाने फटकळ, हाताला उरक, आणि कुणी तिची कीव केलेली तिला खपत नाही. थोरले दीर चार वर्षांमागे अटॅकने गेले. मुलगा टेम्पो चालवतो, सून नीट वागते, खायची-ल्यायची ददात नाही. पण माहेरी जायचं तर एसटीच्या भाड्याला मुलापुढे हात करायचा, भाचीला साडी घ्यायची तर सुनेच्या कानावर घालायचं, हे तिला टोचायचं. "देत्यात गं, न्हाई म्हनत न्हाईत," ती म्हणायची, "पन इचारत्यात कशाला पायजे. ह्यो कशाला लई जीव खातो."

तर त्या दिवशी ती ओट्यावर बसून माझ्या सहकाऱ्याला जे सांगत होती ते एका घरात राहून मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाआधी ती नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत होती, हे आम्हाला माहीत होतं. पण ते कसं, तर अमक्याला गोवर येऊन गेला होता हे माहीत असतं तसं. त्या दिवशी ती खुलून बोलली. मोटारीला तांब्याची तार गुंडाळायचं काम होतं. सकाळी गावच्या फाट्यावर कंपनीची बस यायची आणि ती खिडकीची जागा कुणाला द्यायची नाही. कँटीनमध्ये गुरुवारी शिरा असायचा. सुपरवायझर खडूस होता, पण हिच्या कामाला नाव ठेवायची त्याची टाप नव्हती. "सहा वर्सं केली मी. लगीन ठरलं तवा आमचे दादा म्हनले, सासरी कंपनीचं काई बोलू नको, कंपनीतली पोरगी म्हनलं की लोक वंगाळ बोलत्यात. मंग बायोडाट्यात शिवनकाम लिवलं. मला तर सुईत दोरा ववायचा कंटाळा!" दादा म्हणजे तिचे वडील. ती हसली आणि आत मी चहा उतू घालवला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी ती दुधाच्या प्लांटवर पिशव्या भरायच्या कामाला लागली. तिथे पाच वर्षं झाली, मग दीर गेले आणि तिने ते सोडलं. माझ्या सहकाऱ्याने दोन्ही ठिकाणची वर्षं लिहून घेतली आणि सहज म्हणाला, "अहो, मग तुमची दहाच्या वर भरली की. सलग नसली तरी चालतात. दहा भरली की पीएफमधून पेन्शन असते."

त्याचा हेतू चांगलाच होता. पण असं वाक्य एखाद्याच्या ओट्यावर ठेवून चहा पिऊन निघून जाऊ नये.

अक्का त्या दिवसापासून बदलली. पेन्शन फार काही मोठी नसणार हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. तिला ती मोठी नकोच होती. "भाड्याला झाली तरी बास," म्हणाली. "माझ्या नावचं पासबुक. मी जायाचं, मी सही करायची, मी काढायचं. कुनी कशाला म्हनून इचारायचं न्हाई." आणि मग म्हणाली, "दादा म्हनले हुते ते काम सांगू नको म्हनून. आता सगळ्यांना सांगनार हाय."

पीएफच्या ऑफिसात मी तिच्यासोबत गेले. तिथल्या माणसाने खरोखर चांगलं वागवलं, बसायला खुर्ची दिली. त्याने जुन्या कंपनीवरून शोधून तिचं माहेरच्या नावाचं खातं काढलंसुद्धा. लग्नाच्या गडबडीत आणि दादांच्या धाकाने तिने पैसे कधी काढलेच नव्हते, त्यामुळे खातं जसंच्या तसं होतं. स्क्रीनवर आपलं माहेरचं नाव बघून अक्का अशी लाजली, की मला कसंतरीच झालं. मग तो माणूस म्हणाला, "खातं आहे. पण ही बाई तुम्हीच, हे कशावरून?"

शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार कार्ड सासरच्या नावाचं. दोन्ही नावं एकत्र असलेला सरकारी कागद हवा होता. कंपनीचं पत्र चाललं असतं, पण कंपनी कधीच बंद पडली होती. राजपत्रात नाव बदलून घ्या, तर त्याला लग्नाचं प्रमाणपत्र हवं. लग्नाची नोंद कोण करत होतं तेव्हा? मांडव घातला, जेवणावळ घातली, झालं लग्न. आता नोंद करायची तर नवरा हजर हवा. नवऱ्याच्या फोटोला हार घातलेला. बाहेर येऊन अक्का पायरीवर बसली आणि म्हणाली, "जिल्ह्याचं नाव बदललं, तर त्याला कुनी इचारलं का, त्यो जिल्हा तूच कशावरून?"

मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, "अक्का, लग्नपत्रिका असेल ना कुठेतरी? तुमच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत पत्रिकेवरून काही होतंय का बघू."

पत्रिका माहेरी होती. तिच्या भावाने देवघराच्या फळीवर सगळ्या घरच्या पत्रिका एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा भावाने दारात पाय धुवायला पाणी दिलं, भावजयीने मांडे केले. इतक्या दिवसांनी बहीण आली म्हणून तो माणूस खरंच हरखला होता. पत्रिका मिळाली, हळदीचा डाग तसाच होता. नवऱ्याचं नाव बरोबर, गाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. आणि नवरीच्या जागी तिचं घरातलं लाडाचं नाव छापलेलं! शाळेतलं नाही, सासरचं तर नाहीच. गावात सगळे तिला त्याच नावाने ओळखत, म्हणून दादांनी तेच छापून घेतलं होतं. लोकांना कळावं म्हणूनच पत्रिका छापतात, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येईना. शाळेचं एक, मांडवातलं दुसरं, सासरचं तिसरं. भावाला घेऊन ग्रामपंचायतीत गेलो, तर ग्रामसेवकाने पत्रिका उलटून पालटून बघितली आणि म्हणाला, "ही यांची बहीण नसेल कशावरून?"

मग म्हणाला, भावाने प्रतिज्ञापत्र करून द्यावं, की ही तीन नावं माझ्या एकाच सख्ख्या बहिणीची, वडिलांना हिच्याशिवाय मुलगी नाही. तेवढं झालं तर मी नोंदीचं बघतो.

मला वाटलं, सुटलो. भाऊ समोरच उभा होता. सख्खा, धाकटा, आत्ताच मांडे वाढलेला. पण प्रतिज्ञापत्र शब्द ऐकला आणि त्याचा चेहरा बदलला. आम्ही घरी परत आलो. ओसरीवर बसल्यावर जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, तुझी काय नड आसंल ती मला सांग. दर वर्साला मी देत जाईन. पन ते नावाचं नको काढू."

अक्काला कळेना. मला मात्र कळलं. दादा गेल्यावर जमीन भावाच्या एकट्याच्या नावावर चढली होती. अक्काने तेव्हा काही विचारलं नाही, कुठे सही केली नाही, कुणी तिच्याकडे मागितलीही नाही. कागदावर दादांना मुलगी होती हेच कुठे नव्हतं. आता भावाने शिक्क्याच्या कागदावर लिहून द्यायचं की हीच ती मुलगी, म्हणजे उद्या हिचा मुलगा सातबारा घेऊन दारात उभा राहायला मोकळा. आमच्याकडे बहिणी वाटा मागत नाहीत. मागितला तर माहेर तुटतं, म्हणून मागत नाहीत. आणि न मागणारी बहीणही कागदावर सिद्ध झालेली कुठल्याच भावाला नको असते.

मी तोंड सोडलं. म्हटलं, "भाऊ, त्यांना जमीन नकोय, त्यांना त्यांच्या घामाचं पाहिजे." भावजयीने आत परात आपटली. भाऊ म्हणाला, "तुमी शिकल्याल्या हाये, तुमाला ठावं आसंल. कागुद एकदा झाला की त्यो कुनाचं ऐकत न्हाई." हे त्याचं खोटं नव्हतं. माझी तीन वर्षं तेच बघण्यात गेली होती.

अक्काने मला गप्प केलं. उठली, भावाच्या नातवाच्या हातावर पैसे ठेवले, भावजयीला कुंकू लावायला पुढे केलेला हात आपण विधवा आहोत हे आठवून मागे घेतला, आणि चालू लागली. एसटीत तिला खिडकी मिळाली. राहुरी मागे पडली. मग म्हणाली, "माझ्या बापाची पोरगी मीच हाय, ह्ये सांगाया माझ्या भावाला भ्या वाटतंय. काय गं पाप केलं म्या?" मी तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

एका वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दावा लावा, भावाला प्रतिवादी करा, निकाल आपल्या बाजूने लागेल, पण वर्षं जातील. अक्का म्हणाली, पेन्शन केवढी आणि वकील केवढा, चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. शिवाय भावाला कोर्टात ओढायचं तिच्या मनाला पटणारच नव्हतं. तो विषय तिथे संपला.

मग ती माझ्याकडे वळली. मला त्याची भीती वाटतच होती. तिच्या मुलाखतीनंतर आमच्या जोडणीत तिच्या दोन्ही नोंदी जुळल्या होत्या, कंपनीची सहा वर्षं आणि दुधाच्या प्लांटची पाच. सगळ्या दुनियेत ही दोन नावांची बाई एकच आहे असं लिहिलेली एकच जागा होती, आणि ती माझ्या टेबलासमोरच्या संगणकात होती. तिने साधा प्रश्न केला. "तुमच्या कालिजाला म्हाईत हाय ना मी कोन ते? मंग एका कागदावर लिवून शिक्का मारून दे की."

मी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते, असं मला जवळजवळ प्रत्येकाबद्दल लिहावं लागतंय, कारण या सगळ्या प्रकरणात वाईट माणूस शोधायला गेले की हाताला कुणीच लागत नाही. त्यांनी मला बसवून समजावलं. नोंदी ज्यांनी दिल्या त्यांच्याशी करार आहे. कोणाही एका माणसाची माहिती बाहेर द्यायची नाही. लोकांच्या पगाराची माहिती सावकाराच्या, मालकाच्या, सोयरीक जमवणाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून तो नियम आहे. तो त्यांच्या रक्षणासाठी आहे.

"सर, पण ती स्वतःच मागतेय. तिची माहिती तिलाच द्यायचीय."

"आज तिला दिली तर उद्या कोणाला नाही म्हणणार? आणि आपली जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. तो अंदाज असतो. चांगला अंदाज, पण अंदाज."

"तिच्यासमोर बसून विचारलंय आपण!"

सर चष्मा पुसत राहिले. त्यांनी निधी देणाऱ्या संस्थेला पत्र लिहायचं कबूल केलं आणि लिहिलंही, चांगलं लिहिलं. उत्तर आलं, तेही नम्र होतं. त्या बाईंच्या परिस्थितीबद्दल त्यांना सहानुभूती होती. अशा अडचणी समोर आणणं हेच या संशोधनाचं मोल आहे असं त्यांना वाटत होतं. कराराबाहेर जाता येणार नाही. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा सभ्य भाषेचा संताप आला. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

प्रकल्प संपत आला. करारात शेवटची अट होती, की कोणता क्रमांक कोणत्या माणसाचा हे सांगणारी फाईल नष्ट करायची. तिला आम्ही चावी म्हणायचो. संशोधनात नावं नसतात, सगळ्यांना क्रमांक असतात. क्रमांकामागचं माणूस फक्त चावीने कळतं. चावी मिटवायची ती साक्षीदारासमोर, आणि साक्षीदार म्हणून सरांनी मला बोलावलं. मोबाईल बाहेर ठेवायचा होता. ठेवला. चोरून फोटो काढायचं मनात आलं नाही असं नाही. पण काढून उपयोग काय? ऑफिसातल्या त्या भल्या माणसाने विचारलंच असतं, हे कुणी दिलं, शिक्का कुठाय. बिनशिक्क्याचं खरं आमच्याकडे कुणी घेत नाही.

सरांनी फाईल उघडली, सगळं नीट आहे ना बघायला. मी नजर फिरवली आणि मला ती सापडली. माहेरचं नाव, शेजारी सासरचं नाव, शेजारी एक क्रमांक. इतक्या बायकांच्या ओळी होत्या खाली वर. प्रत्येकीची दोन दोन नावं एका रांगेत, एकमेकींना चिकटून, जशी कुठल्याच ऑफिसात कधी बसली नसतील. त्यांतल्या कितीजणींची वर्षं अशी अर्धी अर्धी पडून असतील हे मला माहीत नाही, आणि त्यांनाही माहीत नसेल. त्यांच्या ओट्यावर कुणी बोलघेवडा चहा प्यायला बसला नसेल तर तेवढ्या त्या सुखी. सरांनी बटण दाबलं. संगणकाने, खरंच मिटवायचं का, असं विचारलं. सरांनी माझ्याकडे न बघता हो म्हटलं. मग आम्ही दोघांनी सह्या केल्या. मला वाटलं होतं मला रडू येईल, पण काहीच झालं नाही, फक्त सही वाकडी आली.

घरी जाऊन मी अक्काला सगळं सांगितलं. चावी म्हणजे काय, ती का मिटवली, सगळं. ती गवार मोडत होती. "बरं," म्हणाली. महिनाभराने ती कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाऊ लागली, रोजाने, पीएफ नाही, काही नाही. मुलगा चिडला, लोक काय म्हणतील म्हणाला. ती म्हणाली, लोकांनी काय म्हणायचं ते दादांच्या वेळेपासून ऐकतेय.

अहवाल छापून आला तेव्हा कॉलेजात कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, मसालेभात. अहवालात एक अख्खं प्रकरण बायकांवर होतं आणि ते मी लिहिलं होतं. लग्नात नावं बदलल्यामुळे स्त्रियांची सेवा तुटक दिसते, त्या हक्काला मुकतात, शासनाने यावर उपाय करावा. बैल गेला अन् झोपा केला. सरांनी भाषणात या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं, टाळ्या पडल्या. सरांना पुढचा निधी मिळाला आहे, विषय वेगळा आहे. माझा करार संपला आणि मी पुन्हा तासावर आले.

अहवालाची एक प्रत मी घरी आणली. अक्काने ती मागितली. खळ्यावरून नुकतीच आली होती, हात धुऊन, पदराला पुसून तिने ते जाड पुस्तक मांडीवर घेतलं. सातवीपर्यंत शिकलेली, वाचता येतं तिला. पण मजकूर तिने बघितला नाही. पानं उलटत एका आलेखापाशी थांबली. जुळलेल्या बायकांची सेवेची वर्षं त्यात होती, एका बाईचा एक ठिपका, आणि पानभर ठिपके होते. मी सांगितलं, हे तुमच्यासारख्यांचं आहे.

"मी हाय का ह्यात?"

"आहात की."

ती पुस्तक दिव्याखाली धरून बघत राहिली. मग पान माझ्याकडे फिरवलं. "यातली मी कंची?"

मी त्या पानावरून बोट फिरवलं. दहाच्या वरचे ठिपके बरेच होते. अकराच्या ओळीवर तर दाटीच होती, एकावर एक चढलेले. मला सांगता येईना. सरांनाही आता सांगता आलं नसतं, कुणालाच नसतं. मी म्हटलं, "अक्का, नाही सांगता येत."

तिने सुनेकडे एकदा बघितलं. सून बाहेर गेल्यावर अक्का माझ्याजवळ सरकली, आणि आवाज बारीक करून म्हणाली, "तेवढं तरी सांग गं. मी कुनाला सांगत न्हाई."